विद्यापीठाचे अंतर

बारावीचा निकाल लागल्यापासून महाविद्यालये सुरू होईपर्यंतच्या आठवड्यांत महाराष्ट्रातील आणि गोव्यातील असंख्य घरांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. मुलाने किंवा मुलीने घराजवळच्या महाविद्यालयात नाव घालावे, की पुणे, मुंबई, नागपूर अथवा त्याहूनही दूर दिल्ली, हैदराबाद अशा ठिकाणच्या विद्यापीठाची वाट धरावी, असा तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर त्या घराने स्वयंपाकघरात किंवा ओसरीवर बसून द्यायचे असले, तरी कोणत्या जिल्ह्यात विद्यापीठ कधी निघाले, तेथे कोणते विषय शिकवले जातात, कोणत्या गावाहून कोणती एसटी किती वाजता सुटते आणि मुलींच्या वसतिगृहात किती खाटा आहेत, अशा गोष्टींनी ते आधीच बरेचसे ठरवलेले असते आणि त्यांपैकी एकही गोष्ट त्या घराच्या हाती नसते. म्हणून या व्याख्यानात हा प्रश्न कुटुंबाच्या पसंतीचा म्हणून न पाहता सार्वजनिक जीवनाचा म्हणून तपासला आहे.

प्रथम ‘जवळचे’ आणि ‘दूरचे’ या शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे, कारण किलोमीटरच्या हिशेबाने तो लागत नाही. विरारहून चर्चगेटला लोकलने रोज जाणारी विद्यार्थिनी सुमारे साठ किलोमीटर जाते आणि तेवढेच अंतर परत येते. तरीही तिचे महाविद्यालय जवळचे मानले जाते, कारण रात्री ती आपल्या घरी जेवते आणि आपल्या घरी झोपते. उलट डोंगराळ तालुक्यातील एखाद्या वाडीवरून तीस किलोमीटरवरचे महाविद्यालय दूरचे ठरते, कारण शेवटचा तास संपण्याआधीच परतीची शेवटची गाडी निघून जाते. तेव्हा ज्या संस्थेत शिकत असताना विद्यार्थ्याला घरून रोज जाणे-येणे शक्य आहे ती जवळची आणि जिच्यासाठी दुसरीकडे निवारा व जेवण शोधावे लागते ती दूरची, अशी व्याख्या येथे स्वीकारली आहे. या व्याख्येचा एक परिणाम असा की, रस्ता, वाहन आणि वसतिगृह यांत बदल झाला तर विद्यापीठ जागचे न हलताही जवळ येऊ शकते किंवा दूर जाऊ शकते.

दुसरी गोष्ट विद्यापीठ या संस्थेच्या रचनेची. आपल्याकडची बहुतेक विद्यापीठे ‘संलग्नतेच्या’ पद्धतीने चालतात. म्हणजे विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते आणि पदवी देते, पण पदवीचे शिक्षण ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत होते आणि ती महाविद्यालये त्या विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे नियमांनी जोडलेली असतात. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, आणि आरंभी ते जवळजवळ पूर्णपणे परीक्षा घेणारे मंडळ होते. त्याचे स्वतःचे अध्यापन विभाग उभे राहू लागले ते विसाव्या शतकात. या पद्धतीमुळे पदवी आणि शिक्षण यांची ठिकाणे वेगळी झाली. नागपूरच्या हिस्लॉप आणि मॉरिस महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थी घरी राहून आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाचा विद्यार्थी होता, कारण नागपूरला स्वतःचे विद्यापीठ १९२३ सालापर्यंत नव्हते. आजही सावंतवाडीचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचा असतो. पणजी त्याच्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर आणि मुंबई सुमारे पाचशे किलोमीटरवर असली, तरी राज्याची सीमा मध्ये असल्यामुळे त्याच्या गुणपत्रिकेतील दुरुस्ती मुंबईच्या दिशेने जाते. कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी वारंवार होते तिच्यामागे प्रादेशिक अभिमान असेलही, पण त्याहून अधिक हा रोजचा जाच आहे. तात्पर्य, घराजवळच्या महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या जवळ असतोच असे नाही, आणि पदवीपत्रावर मोठ्या शहराचे नाव आहे म्हणून त्याला त्या शहराचे ग्रंथालय मिळाले असेही होत नाही.

अंतराचा हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे मराठवाड्याने अनुभवला. निजामाच्या राजवटीत या प्रदेशाचे विद्यापीठ हैदराबादचे उस्मानिया होते. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेत विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु परभणी किंवा बीड जिल्ह्यातील मराठी मुलासाठी त्याचा अर्थ दुहेरी अंतर असा झाला. एक अंतर रेल्वेचे आणि दुसरे भाषेचे. औरंगाबादेस इंटरमिजिएटपर्यंतची, म्हणजे पदवीच्या आधीच्या दोन वर्षांची सोय झाली, तरी पुढे हैदराबादच गाठावे लागे. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थी काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला आणि त्यांचे शिक्षण वाचले. या प्रसंगाकडे स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून नेहमी पाहिले जाते. शिक्षणाच्या इतिहासात त्याचा अर्थ आणखी एक आहे. ज्या विद्यार्थ्याला एकच विद्यापीठ उपलब्ध आहे तो त्या विद्यापीठाच्या आणि त्याच्यामागच्या सत्तेच्या पूर्ण अधीन असतो; दूर का होईना, दुसरे दार उघडे असणे ही त्याच्या स्वातंत्र्याची अट असते.

याच प्रदेशात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले आणि ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. या निर्णयाचे महत्त्व बाबासाहेबांच्या स्वतःच्या शिक्षणाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे नीट कळते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनला जाऊन त्यांनी जे शिक्षण घेतले, त्याइतके दूरचे शिक्षण त्या काळी महाराष्ट्रात फार थोड्यांच्या वाट्याला आले होते. दूर जाण्याने माणसाला काय मिळते हे त्यांना पुरेपूर माहीत होते. जातीचा शिक्का ज्याला दिसत नाही अशा शिक्षकापुढे बसणे म्हणजे काय, हेही माहीत होते. तरीसुद्धा आपल्या मागून येणाऱ्या हजारो मुलांसाठी त्यांनी परदेशी जाण्याच्या वाटेवर विसंबून न राहता, जेथे पदवीच्या शिक्षणाची सोय सर्वांत तोकडी होती त्या प्रदेशात महाविद्यालय काढले आणि त्याला वसतिगृहाची जोड दिली. मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ सालीच सुरू झालेले होते; मराठवाड्यातील मुलांनी तेथे यावे, असे म्हणून थांबणे सोपे होते. ते थांबले नाहीत. मिलिंदच्या परिसरात, नागसेनवनात, पुढील दोन दशकांत जे घडले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे: म. ना. वानखेडे तेथे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे तेथे शिकवत होते आणि ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक त्याच शहरातून निघाले. दलित साहित्याच्या चळवळीचे एक उगमस्थान मुंबई असले, तर दुसरे हे होते. आणि मुंबईपुण्यापासून दूर असलेल्या एका महाविद्यालयाने हे घडवले.

मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्यानंतर नव्या विद्यापीठांची मालिका सुरू झाली. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, १९८३ साली अमरावतीला, पुढे जळगावला, १९९४ साली नांदेडला, २००४ साली सोलापूरला आणि २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ अशी ती सांगता येते. प्रत्येक वेळी जुन्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र तोडून नवे केले गेले, आणि प्रत्येक वेळी दर्जा घसरेल अशी शंका जुन्या केंद्रांतून व्यक्त झाली. ही शंका सर्वस्वी खोटी नव्हती, परंतु ती व्यक्त करणाऱ्यांना दर्जा आधीच घरापाशी मिळालेला होता, हेही विसरता येत नाही.

गोव्याची हकीकत थोडी निराळी आहे. पोर्तुगीज काळात तेथे १८४२ साली स्थापन झालेली वैद्यकीय शाळा होती, पण कला किंवा विज्ञान शाखेच्या पदवीसाठी गोमंतकीय मुलाला पोर्तुगाल तरी गाठावे लागे किंवा धारवाड, बेळगाव, पुणे, मुंबई यांपैकी एखादे शहर तरी. मुक्तीनंतर लगेच, १९६२ साली, पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही महाविद्यालये निघाली आणि मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली. गोवा विद्यापीठ १९८५ साली आले. म्हणजे आज साठीत असलेल्या गोमंतकीयांची पिढी ही घरी राहून पदवी घेता येईल, असा भरवसा असलेली तेथील जवळजवळ पहिलीच पिढी आहे.

त्याआधीच्या गोव्यातून निघालेल्या एका विद्यार्थ्याचा विचार येथे विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण दूर जाणे आणि जवळ येणे या दोन्हींचा अर्थ त्याच्या आयुष्यात एकत्र सापडतो. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली सांखवाळ येथे झाला. बौद्ध धर्माचा अभ्यास करावा या एकाच ओढीने त्यांनी १८९९च्या अखेरीस घर सोडले. ते पुण्याला आले, संस्कृतसाठी काशीला गेले, पुढे नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश असा प्रवास करीत पाली शिकले, आणि नंतर हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. हा सगळा प्रवास त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आहे. त्यात लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ते कोणत्याही शहराच्या किंवा विद्यापीठाच्या नावासाठी गेले नाहीत. विषय जेथे जिवंत होता आणि तो जाणणारा गुरू जेथे होता तेथे गेले. त्याहूनही महत्त्वाची बाब परतण्याची आहे. कलकत्ता विद्यापीठातील अध्यापनाचे काम हाती असताना, महाराष्ट्रात राहून पालीचे काम करावे यासाठी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये त्यांनी स्वीकारले आणि कलकत्त्याचे मोठे वेतन सोडले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले आणि १९१२पासून कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यानंतरच्या मराठी विद्यार्थ्याला पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपाला जावे लागले नाही. एका माणसाच्या दूर जाण्याने अनेकांसाठी एक विषय जवळ आला. परगावी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने परत यावेच, असा नियम यातून काढता येणार नाही आणि काढूही नये. परंतु परत येऊ इच्छिणाऱ्याला पन्नास रुपये देणारे कोणीतरी असावे लागते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

विद्यापीठ जवळ आणता येत नसेल तर विद्यार्थ्याला विद्यापीठाजवळ आणून ठेवावे, हा दुसरा उपाय महाराष्ट्राने फार लवकर शोधला होता आणि तो आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील सर्वांत उज्ज्वल भाग आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व मदत दिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. प्रत्येक समाजाचे वेगळे वसतिगृह ही कल्पना आज खटकते, आणि खटकावी. पण खेड्यातील ज्या बापाने आपला मुलगा शहरात कोणाच्या पंगतीला बसेल या काळजीने त्याला शाळेतून काढले असते, त्याला राजी करण्याचा तो त्या काळचा मार्ग होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यापुढचे पाऊल टाकले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका छताखाली आणि एका पंगतीत बसवली, आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढताना ‘कमवा आणि शिका’ ही योजना, म्हणजे विद्यार्थ्याने श्रम करून आपल्या शिक्षणाचा व राहण्याचा खर्च भागवण्याची पद्धत, तिचा पाया केली. शाहू महाराज आणि कर्मवीर या दोघांनीही एक गोष्ट ओळखली होती: गरीब घराला दूरचे विद्यापीठ परवडत नाही ते फीमुळे जितके, त्याहून अधिक पोटामुळे.

हे आजही तसेच आहे. शिक्षणाच्या खर्चाचा विचार करताना प्रवेशशुल्काचीच चर्चा होते, पण परगावी शिकणाऱ्याच्या खर्चात शुल्क हा अनेकदा लहान भाग असतो. पुण्यात कॉट बेसिसवर घेतलेली जागा, म्हणजे खोलीचे नव्हे तर एका खाटेचे भाडे, मेसचे पैसे, सणाला गावी जाण्याचे भाडे आणि स्पर्धापरीक्षेचा क्लास लावला असेल तर त्याचे हप्ते, अशी ती बेरीज होते. दुष्काळाच्या वर्षी मराठवाड्यातून आलेली मुले एकवेळची मेस लावतात, हे पुण्यातील कोणत्याही पेठेतील मेसचालकाला ठाऊक आहे. याखेरीज अर्थशास्त्रात ज्याला ‘वैकल्पिक खर्च’ म्हणतात, म्हणजे एक मार्ग निवडल्यामुळे दुसऱ्या मार्गाने मिळाले असते ते उत्पन्न बुडणे, तोही धरावा लागतो: घरी राहून शिकणारा मुलगा सकाळी धारा काढतो, सुगीत शेतावर उभा राहतो, दुकानात बसतो, आणि तो परगावी गेला की त्या कामासाठी मजूर लावावा लागतो किंवा धाकट्या बहिणीची शाळा चुकते. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही अर्जात या बहिणीसाठी रकाना नसतो.

मुलींच्या बाबतीत अंतराचा हिशेब आणखी वेगळ्या नाण्यात होतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४मध्ये कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला, आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु मुलीला दूर पाठवताना घरात होणारा विरोध शुल्कावरून क्वचितच होतो. तो होतो ती राहणार कोठे, येणार-जाणार कशी आणि लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील यावरून. अहल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, आणि त्या पासने महाराष्ट्रातील अगणित मुलींना दहावी-बारावीपर्यंत पोचवले आहे. पण तो बारावीलाच थांबतो. नेमक्या ज्या वर्षी अंतर वाढते त्याच वर्षी मोफत प्रवास संपतो आणि सवलतीचा का होईना, मासिक पास काढावा लागतो. ज्या घरात मुलीच्या शिक्षणाविषयी मन आधीच डळमळीत असते तेथे एवढे निमित्त पुरते. म्हणून जवळचे महाविद्यालय ही मुलींच्या बाबतीत पुष्कळदा निवड नसून शिक्षण आणि लग्न यांच्यामधली एकमेव जागा असते. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेले महिला विद्यापीठ असो, की १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले आणि अभ्यासकेंद्रांमार्फत घरी राहून शिकण्याची सोय करणारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असो, दोन्हींनी या जागेचा विस्तार केला. मुक्त विद्यापीठाच्या पदवीकडे कमी लेखून पाहण्याची जी सवय शिकलेल्या समाजात आहे ती सोडून द्यावी, असे येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते. दोन लेकरे आणि शेत सांभाळून पदवी मिळवणाऱ्या स्त्रीने ज्ञानासाठी मोजलेली किंमत वसतिगृहात राहणाऱ्यापेक्षा कमी नाही.

जवळच्या शिक्षणाची बाजू इतकी मांडल्यावर दूर जाण्याने काय मिळते तेही निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. पहिला लाभ विषयाचा. भाषाशास्त्र, पुरातत्त्व, सांख्यिकी किंवा समुद्रविज्ञान शिकवणारे विभाग प्रत्येक जिल्ह्यात असू शकत नाहीत आणि असावेत असा हट्टही चुकीचा आहे, कारण चार ठिकाणी दोन-दोन शिक्षक वाटून देण्यापेक्षा एका ठिकाणी आठ शिक्षक एकमेकांशी वाद घालत असणे विषयाला पोषक असते. दुसरा लाभ सोबतीचा. निरनिराळ्या प्रदेशांतून, भाषांतून आणि घरांतून आलेल्या समवयस्कांबरोबर दोन-तीन वर्षे राहिल्याने जे शिकायला मिळते ते अभ्यासक्रमात लिहिता येत नाही. तिसरा लाभ अनोळखीपणाचा आहे आणि तो ज्यांना कधी गरजेचा वाटला नाही त्यांना कळणे कठीण. गावात आडनावावरून ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याला, घराण्याच्या भांडणाचा वारस ठरलेल्या मुलाला, किंवा चालताना चार डोळे पाठीवर असणाऱ्या मुलीला शहरातील विद्यापीठ हे स्वतःच्या नावाने जगण्याचे पहिले ठिकाण ठरते. मोठ्या विद्यापीठांतही जातीचा जाच होतो आणि त्यापायी गेलेल्या जिवांच्या बातम्या या देशाने वाचल्या आहेत. तरीही गाव सोडण्यातला मोकळेपणा खरा असतो, हे दलित आत्मकथनांच्या वाचकाला सांगावे लागत नाही.

तर मग निवड कशाच्या आधारे करावी? केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१६पासून प्रसिद्ध होते आणि तिच्यातील क्रमांक पाहून घरे निर्णय घेऊ लागली आहेत. ही क्रमवारी संस्थेचा एकत्रित अंदाज देते. विद्यार्थी मात्र एका विभागात शिकतो. मोठ्या नावाच्या विद्यापीठात ओसाड विभाग असतो आणि तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा असा एखादा शिक्षक असतो, जो मुलांना रविवारी डोंगरावर नेतो आणि वनस्पतींचे नमुने जतन करायला शिकवतो. यासाठी काही साधे प्रश्न विचारावेत. विभागात पूर्णवेळ, कायम नेमणुकीचे शिक्षक किती आहेत? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते आणि विद्यार्थ्याला थेट कपाटापर्यंत जाता येते का? प्रयोगशाळेत प्रयोग हाताने करायला मिळतो, की वहीत उतरवायला? मागच्या तीन वर्षांतले विद्यार्थी पुढे कोठे गेले? या प्रश्नांची उत्तरे जवळच्या संस्थेत समाधानकारक असतील, तर पहिल्या पदवीसाठी घर सोडण्याचे कारण उरत नाही. वयाच्या अठराव्या वर्षी नव्या शहराचा, नव्या भाषेचा आणि नव्या विषयाचा भार एकदम उचलण्यापेक्षा विषयात पाय रोवून पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी दूर जाणे बहुतेकांना अधिक फळते. उत्तरे असमाधानकारक असतील, तर कर्ज काढूनही जावे. मात्र शहराच्या आकर्षणाने, शेजारचा गेला म्हणून, किंवा क्लासच्या जाहिरातीवरून जाणे ही निवड नव्हे.

या निवडीत शासनानेही वेळोवेळी हात घातला आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशांसाठी अनेक वर्षे ‘सत्तर-तीस’चे सूत्र होते, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग करून प्रत्येक भागातील सत्तर टक्के जागा त्या भागातील विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के राज्यातील सर्वांना अशी ती वाटणी होती. सप्टेंबर २०२०मध्ये ती रद्द झाली. मराठवाड्याचे म्हणणे असे होते की, आपल्याकडे महाविद्यालये आणि जागा कमी असल्यामुळे या सूत्राने गुणवान विद्यार्थ्यालाही प्रवेश नाकारला जातो. म्हणजे जे सूत्र जवळच्या विद्यार्थ्याचे रक्षण करण्यासाठी होते, ते जेथे जवळ काही नव्हते तेथे भिंत बनले. सुविधांची वाटणी असमान असताना विद्यार्थ्यांना भौगोलिक चौकटीत बांधले की असमानता कायम होते, हा त्यातला बोध.

केवळ संख्या पाहिली तर महाराष्ट्रात सुविधा कमी नाहीत. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२च्या अहवालानुसार राज्यात साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत, आणि ‘सकल नोंदणी प्रमाण’, म्हणजे अठरा ते तेवीस या वयोगटातील लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणात नोंदलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण, देशात २८.४ टक्के असताना महाराष्ट्रात ३५.३ टक्के आहे. जवळपास कोणत्याही तालुक्यात महाविद्यालयाची पाटी दिसते. पाटीमागे मात्र अनेक ठिकाणी ‘तासिका तत्त्व’ आहे. म्हणजे शिक्षकाला वेतनावर न नेमता घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन द्यायचे, सुट्टीत काहीच द्यायचे नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेमणुकीची वाट पाहायला लावायची. पीएचडी आणि सेट-नेट झालेली माणसे वर्षानुवर्षे अशा मानधनावर दोन-दोन महाविद्यालयांत तास घेत फिरतात. अशा शिक्षकाकडून तास होतो, पण तासानंतर थांबून विद्यार्थ्याशी बोलणे, त्याला पुस्तक सुचवणे, त्याचा निबंध दुरुस्त करणे या गोष्टींसाठी त्याला वेळही नसतो आणि बसायला जागाही नसते. घराजवळचे महाविद्यालय निकामी होते ते येथे. दूरचे विद्यापीठ श्रेष्ठ आहे म्हणून मुले जातात हे पुष्कळदा खरे नसते. जवळच्याची खुर्ची रिकामी आहे म्हणून जातात. जवळची संस्था सकस असेल तेव्हाच दूर जाणे ही निवड ठरते. एरवी त्याला स्थलांतर म्हणावे लागते, आणि उसाच्या तोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्याच्या स्थलांतराशी त्याचे नाते जवळचे आहे.

सकस जवळच्या विद्यापीठाने काय करावे, याचे उत्तर त्याच्या भोवतालात असते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि देशात अशा हक्कांचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना झाली. बांबूचे व्यवस्थापन, ग्रामसभेचे निर्णय, गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांचे वनस्पतिज्ञान हे विषय शिकण्यासाठी गडचिरोलीहून चांगली जागा दिल्लीतही नाही. मराठवाड्यातील विद्यापीठांना पाणी आणि दुष्काळ, कोकणाला किनारा आणि खाडी, सोलापूरला हातमाग-यंत्रमाग आणि बहुभाषिक समाज, गोव्याला पोर्तुगीज दप्तरे आणि खाणींनी उघडी पाडलेली जमीन हे विषय हाताशी आहेत. ज्या दिवशी पुण्या-मुंबईचा विद्यार्थी असा विषय शिकण्यासाठी गडचिरोलीला किंवा नांदेडला वसतिगृहात जागा मागेल, त्या दिवशी जवळ-दूर या शब्दांची आजची दिशा बदलेल.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिचा वारसा सांगणाऱ्या व्याख्यानमाला महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावांत पसरल्या, त्या मुख्यतः ज्यांना विद्यापीठात जाता आले नाही त्यांच्यासाठी. अशा व्याख्यानमालेच्या श्रोत्यांत महाविद्यालयांचे विश्वस्त असतात, माजी विद्यार्थी असतात, नगरसेवक आणि पालक असतात. त्यांच्याकडे एक मागणी करणे या प्रसंगी उचित आहे. आपल्या गावातील महाविद्यालयात या वर्षी किती पदे रिकामी आहेत, मुलींच्या वसतिगृहात किती जागा आहेत आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते, या तीन गोष्टींची माहिती त्यांनी लेखी मागवावी, ती गावात जाहीर करावी, आणि नव्या इमारतीच्या पायाभरणीला कोणत्याही मंत्र्याला बोलावण्याआधी ती पदे भरण्याचा आदेश त्याच्याकडून मिळवावा.